दिवसा वॉटर पार्क, रात्री जत्रा: लहान मुलांना न रडवता कसं जमवायचं

पौष पौर्णिमेच्या सुमारास गोव्यात म्हापशाला देव बोडगेश्वराची जत्रा भरते. शेतांमधलं ते मंदिर दिव्यांनी उजळतं आणि फेरीच्या, म्हणजे जत्रेतल्या बाजाराच्या, दुकानांपलीकडे आकाशपाळणा, कोलंबस, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन असे पाळणे उभे राहतात. तिथून जवळच, हणजूणला, स्प्लॅशडाउन वॉटर पार्क आहे. पाहुणे आलेले असले की दोन्ही एकाच दिवशी करायचा बेत ठरतोच.

आमचा पहिला बेत पार फसला होता. पाच वाजेपर्यंत पाण्यात, तिथून ओल्या केसांनी थेट जत्रेत. धाकटी तेव्हा चार वर्षांची. साडेआठला खांद्यावर झोपली, पाळण्याच्या भोंग्याने दचकून उठली आणि घर येईपर्यंत रडली. थोरल्याचं पाळण्यात बसायचं राहिलंच. तेव्हापासून दरवर्षी आम्ही हा दिवस वेगळ्या तऱ्हेने करतो. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे: रात्रीचे दहा आनंदात वाजणार की रडत, हे दुपारी तीनलाच ठरतं.

आधी झोपेचा हिशोब

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. एक-दोन वर्षांच्या बाळाला ११ ते १४, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२. आता बघा, चार वर्षांचं मूल साडेदहाला अंथरुणात गेलं आणि सवयीने सातला उठलं, तर झोप झाली साडेआठ तास. म्हणजे निदान दीड तास कमी. तो दीड तास दुपारी द्यावा लागतो, रात्री तो कुठूनही आणता येत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा नसेल असाच दिवस घ्या. जत्रा बरेच दिवस चालते, तेव्हा मुलांसाठी मुख्य दिवस टाळा. आजी-आजोबांना दर्शन घ्यायचं असेल तर त्यांना वेगळं, सकाळी घेऊन जा.

पाण्यातून तीनच्या आत बाहेर

वॉटर पार्क उघडायच्या वेळेलाच पोहोचा. ऊन कमी असतं आणि मुलंही ताजी असतात. सुती कपडे पाणी धरून ठेवतात, जड होतात आणि वाऱ्यात मुलाला हुडहुडी भरवतात. नायलॉनचा पोहण्याचा पोशाखच घाला. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजायला लागले की "अजून एकदा" ऐकायचं नाही, टॉवेलात गुंडाळून उन्हात बसवायचं. आणि मुलांच्या उथळ तळ्यातसुद्धा एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, फोन न बघता.

पाण्यात असल्यामुळे तहान जाणवत नाही, म्हणून मी अर्ध्या-पाऊण तासाने दोन घोट पाजते. अडीचला शेवटची घसरगुंडी, तीनला गाडीत. मुलं कुरकुरतील. रात्रीच्या पाळण्याची आठवण करून द्या.

दुपारची झोप, याच्यावर सगळं अवलंबून

गाडीत होईल झोप, असं समजू नका. हणजूण ते म्हापसा अंतर इतकं थोडं आहे की डोळा लागतो तोवर उतरायची वेळ येते, आणि अशी अर्धवट झोप न झोपण्यापेक्षा वाईट. म्हापशात कोणी नात्यातलं असेल तर सरळ सांगून ठेवा. आम्ही माझ्या मावशीकडे जातो. कोमट पाण्याने आंघोळ, केस पूर्ण कोरडे, दहीभात, खोलीत अंधार आणि पंखा. साडेपाचला मी उठवायला गेले की मावशी दारातच अडवते: "अगं, झोपू दे गं तिला! जत्रा काय पळून चाललीय?" तिचं बरोबरच असतं.

कोणी नसेल तर परवडेल अशी एक खोली चार तासांसाठी घेणंही वाया जात नाही. आणि मूल झोपलंच नाही तर? पाऊण तास नुसतं लोळू द्या आणि तिथेच ठरवून टाका की आज साडेआठला परत. हा निर्णय जत्रेत, दिव्यांच्या मधोमध उभं राहून घेता येत नाही.

जत्रेत

सातच्या सुमारास पोहोचा. गाडी जत्रेच्या तोंडाशी न्यायचा हट्ट धरू नका. जरा लांब, पण तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा. पौषातली रात्र शेतात गार असते, दव पडतं. स्वेटर आणि कानटोपी सोबत हवी.

गाडीतून उतरताच मुलांचा एक फोटो काढा, म्हणजे आज अंगात काय आहे ते नेमकं सांगता येईल. मनगटावर बॉलपेनने फोन नंबर लिहा. हरवलास तर शोधत फिरायचं नाही, जिथे आहेस तिथेच उभं राहायचं, हे घरी दोनदा वदवून घ्या. तरी चुकामूक झालीच तर जवळच्या पोलिसाला गाठा किंवा ११२ ला फोन करा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

पाळण्यांचा क्रम धाकट्यापासून. आधी ड्रॅगन ट्रेन आणि जंपिंग, मग आकाशपाळणा, आणि गरगर फिरणारं सगळं जत्रेतल्या खाण्याच्या आधी. आकाशपाळण्यात माणसं भरताना तो वरच थांबत राहतो. मुलं घाबरतात ती वेगाला नाही, या थांबण्याला. हे आधी सांगितलंत तर निम्मी भीती जाते. बसण्यापूर्वी दार आणि कडी स्वतः हलवून बघा, मूल दोन मोठ्यांच्या मध्ये बसवा. मोकळे केस आणि ओढणी घट्ट बांधा. पाळण्यात केस अडकून झालेले अपघात भयंकर असतात, इथे मी कोणाचंच ऐकून घेत नाही. मागे पाळणेवाल्यानेच मला हाक मारली होती, "बाये, भुरग्याक घट धर!" (बाई, मुलाला घट्ट धर!) अशा माणसाच्या पाळण्यात मी निश्चिंत बसते.

कर्ण्यांसमोर उभं राहू नका. लहान मूल कान झाकून घेत असेल तर ते नाटक नाही, त्याला खरंच त्रास होतोय.

जेवण मावशीकडूनच करून निघतो, म्हणजे जत्रेत पोट भरायची घाई राहत नाही. रस-ऑम्लेट, म्हणजे मसालेदार रश्श्यातलं ऑम्लेट, मोठ्यांचं; मुलांना गूळ-आल्याचं खाजं. आल्याचा तिखटपणा धाकटीला आता आवडायला लागलाय.

निघणं

रडू आल्यावर निघालात तर उशीर झाला. डोळे चोळणं, विनाकारण हसत सुटणं, भावंडाला ढकलणं, या खुणा दिसल्या की सांगा: "आणखी एक पाळणा, मग खाजं घ्यायचं, मग घर." आणि शब्द पाळा. आम्ही साडेनऊला वळतो.

गाडीतच पाय पुसून झोपायचे कपडे घाला, म्हणजे घरी उचलून थेट अंथरुणात ठेवता येतं. मात्र झोपलेलं मूल मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट कायद्याने लागते. दुचाकीवर तर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला जोडणारा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा नियम २०२३ पासून लागू आहे. झोपाळलेलं मूल पट्ट्यातही कलंडतं, म्हणून या रात्रीपुरती दुचाकी नकोच.

दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर जास्त झोपू द्या, दुपारी पुन्हा थोडं. त्या दिवशी पाहुण्यांकडे जाणं, खरेदी, काही ठेवू नका. उरलेलं खाजं मात्र हवाबंद डब्यात भरून टाका, नाहीतर संध्याकाळपर्यंत सादळतं.