घरी शिकणाऱ्या मुलांचा उन्हाळा: या चुका टाळा

एप्रिल संपत आला की आमच्या सोसायटीच्या जिन्यात पावलं वाजायला लागतात. वर्षभर दिवसा तिथे फक्त माझी दोन मुलं असतात. शाळांच्या परीक्षा आटोपल्या की एकदम बारा-पंधरा होतात.

होमस्कूलिंग करणारे पालक उन्हाळ्याबद्दल बोलायला लागले की बहुतेक वेळा एकच प्रश्न निघतो: सुट्टी द्यायची की अभ्यास चालू ठेवायचा? सात उन्हाळे घालवल्यावर मला वाटतं, आधी वेगळंच काही विचारायला हवं. घरी शिकणाऱ्या मुलाकडे वेळ बाराही महिने असतो. त्याला कमी पडतात ती माणसं, आणि मे महिन्यात माणसं मोकळी होतात. भावंडं, शेजारची मुलं, आजी-आजोबांकडे जमलेला गोतावळा, सगळे एकदम. उन्हाळ्याची आखणी या माणसांभोवती करायची. ते न ओळखल्यामुळे होणाऱ्या चुका खाली लिहिते आहे. त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत.

‘आपल्याला कसली सुट्टी’ म्हणून वेळापत्रक तसंच ठेवणं

थोरली आठ वर्षांची असताना आमचं गणित सकाळी नऊला असायचं. मे महिन्यात बरोब्बर त्याच वेळी खाली लगोरी रंगायची. कुणीतरी बोलवायला यायचं आणि मी दारातूनच सांगायचे, ‘ती दहा वाजता येईल.’ दहापर्यंत ऊन चढलेलं असायचं आणि खेळ मोडलेला. पंधरा दिवसांनी बोलवायला येणं बंद झालं. जूनमध्ये ती म्हणाली, ‘सगळ्यांना सुट्टी होती तेव्हा मला अभ्यास होता, आता मला वेळ आहे तर त्यांना शाळा आहे.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मे महिन्यात आम्ही रोज अर्धा तास ठेवतो, तोही इतर मुलं उठायच्या आत. त्या अर्ध्या तासात नवं काही सुरू करायचं नाही. नुकतंच हाताला आलेलं, अजून पक्कं न झालेलं तेवढं घ्यायचं: मोठा भागाकार, जोडाक्षरं, हार्मोनियमवरचा नवा अलंकार. माझ्या अनुभवात एवढंच विसरलं जातं. नीट समजलेली गोष्ट सहा आठवड्यांत कुठे जात नाही. दार वाजलं की वही मिटायची, हा आमच्याकडचा नियम आहे आणि तो मोठ्यांनी पाळायचा आहे.

प्रत्येक अनुभवाचा धडा करणं

ही चूक मन लावून शिकवणाऱ्या पालकांकडून जास्त होते. अकोल्याला सासूबाई कुरडया घालतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. मुलगी दोन दिवस आजीच्या पायात पायात होती. तिसऱ्या दिवशी मी वही पुढे केली आणि म्हटलं, ‘आता कृती लिहून काढ, आणि पाणी का बदलायचं तेही लिही.’ चौथ्या दिवशी ती गच्चीवर फिरकली नाही.

प्रश्न मुलाच्या तोंडून येऊ द्या. ‘गव्हाला आंबूस वास का येतो?’ हे तिने पुढच्या वर्षी आपणहून आजीला विचारलं. नोंद ठेवायची असेल तर ती पालकाने स्वतःसाठी, रात्री दोन ओळींत ठेवावी. तारीख, काय केलं, काय विचारलं. एवढं पुरतं.

उन्हाला न मोजणं

पुण्या-मुंबईचं वेळापत्रक घेऊन विदर्भात गेलं की पहिल्या आठवड्यात मूल चिडचिडं होतं आणि आपण त्याला आळशी ठरवतो. मे महिन्यात अकोल्यात पारा ४४-४५ अंशांना सहज जातो. तिथली माणसं दिवसाचे दोन दिवस करतात, तसंच करायचं: पहाटे साडेपाच ते नऊ बाहेर, दुपारी कूलरच्या खोलीत पत्ते, वाचन, झोप, आणि सहानंतर पुन्हा अंगण. बारा ते चार बाहेर नाही. डोकं दुखणं, मळमळ, लघवी कमी किंवा गडद होणं दिसलं की सावली, पाणी, ओआरएस. अंग तापलेलं असून मूल असंबद्ध बोलायला लागलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

या नियमाला आमच्याकडे वर्षातून एकदा दहा मिनिटांची सूट असते. भारतात कर्कवृत्ताच्या दक्षिणेला सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात मे महिन्यातला हा शून्य सावलीचा दिवस १३ तारखेच्या आसपास येतो, अकोल्यात २३-२४ला, नागपुरात २६च्या सुमारास. (दुसरा दिवस जुलैत येतो, पण तेव्हा ढग असतात.) पुण्यात ही वेळ दुपारी साडेबाराच्या आसपास असते, अकोल्यात बारा-वीसच्या. आमची मुलं पुण्याच्या गच्चीवर पाण्याची बाटली उभी करून सावली पाहतात, दहा दिवसांनी अकोल्याची भावंडं पाहतात आणि फोनवर सांगतात. ‘घड्याळात तुमचा सूर्य आधी का येतो?’ यावर दोघा भावंडांचं भांडण झालं आणि त्यातून रेखांश, प्रमाणवेळ आणि ती ठरवणारी ८२.५ अंशांची रेषा असं सगळं बाहेर आलं. मला एक शब्दही शिकवावा लागला नाही.

नातेवाइकांना परीक्षक होऊ देणं

लग्नाचं घर, पन्नास माणसं, आणि मधोमध कुणीतरी विचारतं, ‘शाळेत जात नाहीस ना? मग सांग, सत्तावीस साते किती?’ येत असलेलं उत्तरही मूल तिथे विसरतं. मग आई-वडील मुलाच्या बचावाला उभे राहतात, आवाज चढतात आणि आपण वादाचा विषय आहोत एवढंच मुलाला कळतं.

हे टाळायचं तर जाण्याआधी मोठ्यांशी फोनवर बोलून घ्या. मी सासऱ्यांना सांगितलं होतं, ‘बाबा, तिला काही विचारू नका, तुम्हाला येतं ते तिला द्या.’ त्यांनी चाळीस वर्षं धान्याच्या दुकानाचा हिशेब सांभाळला. त्यांनी तिला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी शिकवली, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा आणि दीडचे पाढे. दीड, तीन, साडेचार, सहा असं रोज रात्री गच्चीवर अंथरुणावर पडून. औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, ते दोन उन्हाळ्यांत पोचले. अपूर्णांक तिला पुस्तकात भेटले तेव्हा ते ओळखीचे निघाले. आणि होमस्कूलिंगला सर्वांत जास्त विरोध होता तो बाबांचाच. त्यानंतर चारचौघांत कुणी काही बोललं तर उत्तर तेच द्यायला लागले.

सगळी माणसं अशी वळत नाहीत. न वळणाऱ्यांसाठी मुलाला एक साधं वाक्य द्यावं: ‘मी घरी शिकते, सध्या अमुक वाचते आहे.’ तेवढं सांगून मुलाने तिथून उठून गेलं तरी चालतं, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

शिबिरांनी महिना भरून टाकणं

नोकरी करणाऱ्या पालकांना शिबिरं लागतात, ते समजण्यासारखं आहे. पण घरी शिकणाऱ्या मुलाला पाच शिबिरांत फिरवलं तर दर आठवड्याला नवी अनोळखी मुलं भेटतात आणि सोसायटीतली लगोरी पुन्हा हुकते. घरी जे देता येत नाही, म्हणजे पोहणं, नाटक, तबला, त्यातलं एक निवडा. तीच मुलं पुढे वर्षभर भेटणार आहेत का, हे फी भरायच्या आधी विचारा.

मोठ्या मुलांच्या परीक्षेची तारीख विसरणं

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी करणाऱ्यांसाठी वरचं सगळं एका वर्षापुरतं उलटं होतं. तिच्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिल-मेची परीक्षा निवडली की सगळं घर आंबे खात असताना हे मूल पेपर देत असतं. पंधरा वर्षांच्या मुलाला ते फार लागतं. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि नोंदणी पाच वर्षं चालते. त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. म्हणजे सगळे विषय एकाच उन्हाळ्यात कोंबायची सक्ती नाही. दोन-तीन विषय ऑक्टोबरला ठेवता येतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाने तसंच केलं आणि मे महिन्याचे शेवटचे तीन आठवडे गावी काढले.

दुसरी अडचण प्रवेशाची. पुढच्या एप्रिल-मेच्या परीक्षेसाठीचे प्रवेश आदल्या उन्हाळ्यातच चालू असतात. गावाला गेल्यावर कागदपत्रं पुण्यात राहतात आणि मुदत निघून विलंबशुल्क भरावं लागतं. तारखा दरवर्षी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा, आणि जन्मदाखला, आधार, फोटो यांच्या प्रती मोबाइलमध्ये ठेवूनच गाडीत बसा.

जूनमधली घाबरून केलेली खरेदी

दुकानांत वह्या-पुस्तकांचे ढीग लागले की आपण मागे पडतोय असं वाटायला लागतं आणि हजारोंचे संच घरी येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. आधी ती चाळा आणि महिनाभर थांबा.

पंधरा जूनची तयारी न करणं

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक, कारण ती कुणाला चूक वाटतच नाही. सहा आठवडे माणसांनी भरलेलं घर, आणि एका सकाळी नवे रेनकोट घातलेली सगळी मुलं बसमधून निघून जातात. जिना रिकामा. धाकटा पाच वर्षांचा असताना तीन दिवस खिडकीशी बसून होता. मी त्याच्यापुढे नवी पुस्तकं ठेवत होते, आणि त्याला मित्र हवे होते.

आता तो आठवडा आम्ही पुण्यात काढत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणून मे महिन्यातली अकोल्याची फेरी छोटी ठेवतो आणि जूनच्या मध्यावर पुन्हा जातो. तिथली भावंडं अजून मोकळी असतात आणि शेतात पेरणीची वाट पाहणं चाललेलं असतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभाग सांगतो. मुलं अंगणात सरळ उभ्या कडांचा डबा ठेवून रोज सकाळी पट्टीने पाणी मोजतात आणि आकडा काकाला सांगतात. काका तो खरोखर लिहून घेतो.

परतल्यावर शाळेतल्या मित्रांसाठी आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ ठेवा. त्यांच्या आयांशी ती मे महिन्यातच बोलून घ्या, कारण जुलैत क्लास लागलेले असतात.

‘मला शाळेत जायचंय’

जूनमध्ये हे वाक्य येतं. ‘तुला तिथे आवडणार नाही’ असं म्हणून ते उडवून लावू नका, आणि घाबरून त्याच दिवशी गणवेशही आणू नका. शाळेतलं नेमकं काय हवंय ते विचारा. आमच्या धाकट्याला डबा हवा होता, चार जणांत बसून उघडायचा. मग आम्ही आठवड्यातून दोनदा डबा घेऊन दुसऱ्या एका होमस्कूलिंग कुटुंबाकडे जायला लागलो.

जुलैअखेर पुन्हा विचारा. तेव्हाही उत्तर तेच आलं तर शाळा पाहायला जा. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या कलम ४ नुसार ६ ते १४ वर्षांच्या, शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, आणि कलम १५ नुसार वर्ष सुरू झालं म्हणून तो नाकारता येत नाही. हे मुलालाही सांगा.