हिलवरची ग्रीक घरे : बोल्डरला पदवीसाठी येणाऱ्या मुलांसाठी

कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसवर येणाऱ्या आपल्या मुलांना बँक, फोन आणि किराणा यांची माहिती हल्ली घरून निघण्यापूर्वीच झालेली असते, त्यामुळे त्यावर मी शब्द खर्च करत नाही. थंडीचा कोट मात्र पुण्यात न घेता इथेच घ्यावा.

मला लिहायचे आहे ते ब्रॉडवे ओलांडल्यावर लागणाऱ्या 'हिल' या वस्तीतील फ्रॅटर्निटींविषयी, म्हणजे ग्रीक अक्षरांची नावे लावणाऱ्या, एका घरात एकत्र राहणाऱ्या मुलांच्या संघटनांविषयी. त्यांचे 'रश', म्हणजे नवे सभासद हेरण्याचे दिवस, सत्र उघडताच सुरू होतात आणि तेव्हा नवख्या मुलाचे इथे कोणीच नसते. घरावर मोठी ग्रीक अक्षरे, देशभर शाखा असलेल्या संघटनेचे नाव आणि आपुलकीने खांद्यावर हात टाकणारे सीनियर पाहून हा विद्यापीठाचाच एखादा उपक्रम असावा, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. ही घरे 2005 पासून विद्यापीठाच्या मान्यतेबाहेर आहेत.

त्याचे कारण ठाऊक असावे. सप्टेंबर 2004 मध्ये काय साय या फ्रॅटर्निटीने नव्या मुलांना रात्री डोंगरात शेकोटीपाशी नेले आणि व्हिस्की व वाइनच्या बाटल्या संपवायला लावल्या. परत आणल्यावर गॉर्डी बेली या 18 वर्षांच्या मुलाला, झोपला की उतरेल या समजुतीने, कोचावर टाकण्यात आले. त्या अवस्थेत इतरांनी त्याच्या अंगावर पेनाने लिहिले, आणि सकाळी तो मृत आढळला. त्यानंतर विद्यापीठाने रश दुसऱ्या सत्रावर ढकलावे, घरात एक जबाबदार प्रौढ राहावा अशा अटींचा करार पुढे केला. सोरोरिटींनी, म्हणजे मुलींच्या अशाच संघटनांनी, त्यावर सही केली, मुलांच्या फ्रॅटर्निटींनी नाकारली आणि आपली स्वतंत्र परिषद काढली. 2021 मध्ये ड्यूक आणि 2022 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातही अनेक फ्रॅटर्निटींनी हीच वाट धरली, तेव्हा दुसरीकडे प्रवेश घेतलेल्यांनीही हे आपल्यासाठी नाही असे समजू नये.

इथे घोळ होतो तो दोन मान्यतांचा. "आम्ही रीतसर चॅप्टर (शाखा) आहोत" असे सीनियर सांगतात आणि ते बहुधा खरेही असते, कारण राष्ट्रीय संघटनेची सनद त्यांच्याकडे असते. परंतु विद्यापीठाची मान्यता ही निराळी गोष्ट आहे आणि ती आहे की नाही हे विद्यापीठाच्या यादीतच पाहावे लागते. याहून वाईट प्रकार म्हणजे दोन्ही मान्यता गेलेल्या मुलांनी भाड्याच्या घरात, कधी नुसत्या गल्लीच्या नावाने, चालू ठेवलेला कारभार. डिसेंबर 2024 च्या केंद्रीय कायद्याने विद्यापीठांना हेझिंगच्या, म्हणजे नव्या सभासदांच्या छळाच्या, प्रकरणांचा जाहीर अहवाल देणे भाग पाडले, मात्र संघटनांची नावानिशी माहिती देण्याचे बंधन मान्यताप्राप्त संघटनांपुरतेच आहे. त्यामुळे अहवालात नाव नाही म्हणजे घर चांगले, असा अर्थ पालकांनी काढू नये.

"आमचा मुलगा पीत नाही" हेही मी फार ऐकले आहे. कॅलिफोर्नियातील चिको येथे 2005 मध्ये, अशाच मान्यता नसलेल्या एका फ्रॅटर्निटीच्या थंड तळघरात, मॅथ्यू कॅरिंग्टनकडून व्यायाम करवून घेत त्याला सतत पाणी प्यायला लावले गेले. रक्तातील सोडियम घसरून तो पाण्याने मेला. तिथल्या पुढच्या कायद्यात संघटनेला मान्यता असो वा नसो, असे स्पष्ट शब्द आले. इथल्या मराठी मंडळातील काही काका अजूनही "आमच्या हॉस्टेललाही रॅगिंग होते, काय बिघडले" असे म्हणतात. महाराष्ट्राने 1999 मध्ये रॅगिंगविरुद्ध कायदा केला तो उगाच नव्हे, आणि या काकांकडून इमिग्रेशनचा सल्ला घ्या, हा नको.

आता पैशांचे, कारण मुले फसतात ती इथेच. सभासदत्वाबरोबर घरात राहण्याचा वर्षभराचा करार पुढे येतो. तो विद्यापीठाच्या वसतिगृहाचा नसतो, घरमालकाशी किंवा माजी सभासदांच्या कंपनीशी असतो. ओळखीतल्या एका मुलाने तो न वाचता सही केला, आणि हमीदार म्हणून डेन्व्हरच्या मामाने केली. ऑक्टोबरमध्ये मुलाने सभासदत्व सोडले, पण भाडे मे महिन्यापर्यंत सुटले नाही आणि वसुलीची पत्रे मामाकडे जात राहिली. विद्यापीठाच्या हाउसिंग कचेरीला त्यात हात घालता आला नाही. म्हणून बिड, म्हणजे सभासदत्वाचे बोलावणे, हातात पडली त्या रात्री सही करू नका. करार घरी आणा, वाचा, दुसऱ्याला वाचायला द्या, आणि मामाची सही मागण्यापूर्वी मामाला घर दाखवा.

घर मान्यतेबाहेर असले तरी तुम्ही विद्यापीठाच्या शिस्तीबाहेर जात नाही. आपला एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, दर्जा शिक्षण चालू असण्यावर टिकलेला आहे, त्यामुळे निलंबन झाले तर तो धोक्यात येतो. पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो.

एवढे करूनही पार्टीला जाल, हे मला ठाऊक आहे. कोणी उठत नसेल तर 911 हा तातडीच्या मदतीचा नंबर लावायला सीनियरची परवानगी विचारू नका. एकविशीच्या आतल्या मुलाने मदत मागवली, आपले नाव सांगितले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तो थांबला, तर कोलोरॅडोत त्याच्यावर दारूबद्दल कारवाई होत नाही. ही घरे टोपणनावांनी ओळखली जातात, ती नावे 911 वाल्यांच्या उपयोगाची नाहीत. आत शिरतानाच दारावरचा नंबर आणि गल्लीचे नाव वाचून ठेवा.