संकल्प लिहिताना वेळ आणि जागाही लिहा

नव्या वर्षाचे संकल्प बहुधा आळसामुळे नव्हे, तर मोघम शब्दांमुळे बारगळतात, असे मला मनापासून वाटते. ‘यंदा वाचन वाढवीन’ या वाक्यात कधी, कुठे आणि किती, यांपैकी काहीच नसते. त्याऐवजी ‘रात्री भांडी आवरून झाली की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दहा पाने वाचीन’ असे लिहिले, तर आवरलेला ओटाच रोज आठवण करून देतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘अमुक घडले की तमुक करीन’ अशा नियोजनाचा सविस्तर अभ्यास केला असून, नुसत्या इच्छेपेक्षा असा ठराव अधिक वेळा तडीस जातो, असे त्यात दिसून आले आहे.

सवय २१ दिवसांत लागते, हा समज मात्र सोडून द्यावा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, व्यक्तीगणिक हा काळ १८ ते २५४ दिवस असा बदलत गेला आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. म्हणूनच जानेवारीत एक दिवस खंड पडला, तर वही मिटवू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथूनच सुरुवात करावी.

कामाच्या ठिकाणी बढतीसारखे दुसऱ्यांच्या निर्णयावर अवलंबून असलेले ध्येय ठेवण्यापेक्षा, ‘दर शुक्रवारी शेवटचा अर्धा तास रखडलेल्या कामांसाठी’ असे आपल्या हातातले ध्येय ठेवावे. आरंभी घरचे एक आणि कामाचे एक, एवढी दोनच पुरेत. तिसरे एप्रिलमध्ये जोडता येईल.