बाप्तिस्मा आणि तारण : या चुका टाळा

"बाप्तिस्मा घेतला नाही तर तारण होणार नाही का?" बाप्तिस्म्याच्या वर्गात हा प्रश्न हमखास निघतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कुणीतरी ठरावीक माणूस असतं. विश्वासात गेलेली पण पाण्यात कधीच न उतरलेली आजी, किंवा तान्हेपणी डोक्यावर पाणी घेतलेला आणि नंतर चर्चची पायरी न चढलेला भाऊ. उत्तर देणारे मात्र त्या माणसाची चौकशीही न करता "हो" किंवा "नाही" म्हणून मोकळे होतात. तारण, म्हणजे पापापासून सुटका, ख्रिस्त करतो, पाणी नाही. तरीही पाणी हा हौसेचा भाग ठरत नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र धरता आली नाहीत की पुढच्या चुका ओळीने होत जातात.

वचनाला वचन मारू नका

एका बाजूला, बाप्तिस्मा हवाच म्हणणाऱ्यांकडे, मार्क १६:१६, योहान ३:५, प्रेषितांची कृत्ये २:३८ आणि १ पेत्र ३:२१. दुसऱ्या बाजूला, विश्वास पुरे म्हणणाऱ्यांकडे, इफिस २:८-९, लूक २३:४३ आणि १ करिंथ १:१७. दोन्ही याद्या पाठ असलेली माणसं रात्रभर वाद घालू शकतात, आणि सकाळी दोघंही जिथल्या तिथेच असतात.

बरेचदा उत्तर त्याच वचनाच्या पुढच्या अर्ध्या भागात असतं. पेत्र म्हणतो, बाप्तिस्मा तुम्हाला तारतो, आणि लगेच खुलासा करतो की ही अंगाचा मळ धुण्याची गोष्ट नाही. ही शुद्ध विवेकाने देवाकडे वळण्याची गोष्ट आहे आणि तीही ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या बळावर. मार्क १६:१६ चा पूर्वार्ध विश्वास आणि बाप्तिस्मा दोन्ही मागतो, पण उत्तरार्धात दोषी ठरतो तो विश्वास न ठेवणारा. तिथे पाण्याचा उल्लेख नाही. शिवाय मार्क १६:९-२० हा भाग सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत नाही, त्यामुळे सगळी भिस्त त्या एका ओळीवर ठेवणं शहाणपणाचं नाही. उलट बाजूचे लोक १ करिंथ १ दाखवतात : क्रिस्प, गायस आणि स्तेफनाचं घराणं सोडून मी कुणाचा बाप्तिस्मा केला नाही, देवाचे आभार, असं पौल लिहितो. पण तो वैतागलाय करिंथमधल्या गटबाजीवर, बाप्तिस्म्यावर नाही. हाच पौल रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पवित्र जीवनाचा सगळा युक्तिवाद "आपला बाप्तिस्मा झालाय ना?" या एका आठवणीवर उभा करतो.

यावर एक साधा उपाय आहे. प्रेषितांची कृत्ये एका बैठकीत वाचा आणि कागदावर तीन रकाने आखा : विश्वास, पाणी, पवित्र आत्मा. प्रत्येक प्रसंगात काय आधी आणि काय नंतर, ते लिहीत जा. शोमरोनात लोकांनी पाणी घेतलं, पण आत्मा मिळाला तो पेत्र आणि योहान येऊन हात ठेवल्यावर. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी नेमकं उलट झालं, पेत्राचं भाषण संपायच्या आत आत्मा उतरला. आता पाण्याची गरज काय, असं पेत्र म्हणाला नाही. आता पाण्याला कोण मनाई करणार, असं म्हणाला. शिमोन जादूगाराने विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला आणि तरी पेत्राने त्याला तोंडावर सांगितलं की तुझं अंतःकरण देवापुढे सरळ नाही. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने तर सकाळचीही वाट पाहिली नाही. मध्यरात्रीनंतर त्याने आधी कैद्यांच्या पाठीवरचे फटक्यांचे व्रण धुतले आणि मग त्याच रात्री घरातल्या सगळ्यांसह स्वतः बाप्तिस्मा घेतला.

कागद भरला की दिसतं, क्रम ठरलेला नाही. पण पाणी टाळलेलं किंवा "पुढच्या वर्षी बघू" म्हटलेलंही कुठे सापडत नाही.

चोराचा दाखला कोणाला लागू पडतो

येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेला चोर बाप्तिस्म्याशिवाय सुखलोकात गेला, हे खरंच. पण त्याचे हातपाय खिळलेले होते. जो माणूस दहा वर्षं सभेला येतो, प्रभुभोजन पाहतो, घरापासून हाकेच्या अंतरावर चर्च आहे, त्याने स्वतःला त्या चोराच्या जागी बसवणं म्हणजे कमालच झाली. हा दाखला अतिदक्षता विभागातल्या माणसासाठी आहे. बाप्तिस्म्याला कबूल झालेल्या पण तारखेआधी अपघातात गेलेल्या तरुणाच्या आईसाठी आहे.

चर्चने हा फरक फार पूर्वी ओळखला होता. ३९२ साली सम्राट दुसरा व्हॅलेन्टिनियन बाप्तिस्म्याआधीच मेला. त्याच्या अंत्यविधीत मिलानचे बिशप अॅम्ब्रोज म्हणाले की त्याने ज्याची इच्छा धरली, ते त्याला मिळालं. हुतात्म्यांचं रक्त हाच त्यांचा बाप्तिस्मा, ही समजूत तर त्याहून जुनी.

याउलट कॉन्स्टंटाईन. या सम्राटाने बाप्तिस्मा थेट ३३७ साली, मरणाच्या दारात घेतला. त्या काळी असं लांबवणारे पुष्कळ होते. बाप्तिस्म्याने मागची पापं धुतली जातात, मग पुढच्या पापांचं काय, ही भीती त्यामागे असायची. वीजबिल शेवटच्या तारखेला भरावं तसा हा हिशोब. चोराचा दाखला देऊन टाळणारे आणि पाण्यालाच मंत्र समजणारे एकमेकांचे विरोधक वाटतात, पण दोघांचाही प्रश्न एकच असतो : कमीत कमी किती केलं म्हणजे भागेल?

दुसऱ्या मंडळीचं मत ऐकीव नको

"कॅथलिक म्हणतात पाण्यानेच तारण, प्रॉटेस्टंट म्हणतात नुसती खूण." हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की खरंच वाटायला लागतं. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ साली बाप्तिस्मा तारणासाठी ऐच्छिक आहे असं म्हणणाऱ्याचा निषेध केला, हे बरोबर. पण कॅथलिक चर्चचा १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ उघडा. देवाने तारण स्नानसंस्काराशी, म्हणजे बाप्तिस्म्याशी, बांधलं आहे, पण देव स्वतः आपल्या संस्कारांना बांधलेला नाही, अशा आशयाचं वाक्य परिच्छेद १२५७ मध्ये आहे.

आणि प्रॉटेस्टंट म्हणजे कोण? लूथरने १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरीत बाप्तिस्मा पापांची क्षमा घडवतो असं शिकवलं आणि लगेच सांगितलं की हे नुसत्या पाण्याचं काम नाही, पाण्याबरोबर असलेल्या देवाच्या वचनाचं आहे. हा काही "नुसती खूण" म्हणणारा माणूस नव्हे. प्रेस्बिटेरियन परंपरेच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने (१६४६) मधली वाट काढली : बाप्तिस्म्याची हेळसांड हे मोठं पाप, पण कृपा त्याला अशी जखडलेली नाही की त्याशिवाय कुणाचं तारणच होऊ नये. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या बाप्तिस्म्याला आज्ञापालन आणि जाहीर साक्ष मानतात. चर्चेस ऑफ ख्राईस्टमध्ये बुडवून घेतलेला बाप्तिस्मा पापक्षमेच्या क्षणाशीच जोडलेला असतो. आणि मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी)? तिथे पाण्याचा बाप्तिस्माच नाही. १८८३ पासून त्यांनी संस्कार बंद केले. अहिल्यानगरात जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेची मंडळी, कॅथलिक आणि बूथ हॉस्पिटलवाली मुक्तिफौज एकाच शहरात नांदतात. ही तिन्ही मतं पायी फिरून त्या त्या लोकांच्या तोंडून ऐकता येतात. मला मुक्तिफौजेचं मत पटत नाही, कारण कर्नेल्याच्या घरी पेत्राला ते सुचलं नाही. पण त्यांच्यातल्या विश्वासूंना तारणाबाहेर काढण्याची माझी छाती नाही.

रमाबाईंची आठ वर्षं

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटिजला झाला, मुलगी मनोरमेसह. पुढे १९०७ च्या साक्षीत त्यांनी लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळून आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. मराठी मंडळ्यांत हा किस्सा नेहमी सांगितला जातो आणि बहुतेक वेळा "बघा, पाण्याने काही होत नाही" या सिद्धांतासाठी वापरला जातो.

इतकी घाई नको. त्या आठ वर्षांत रमाबाई ख्रिस्तापासून दूर पळत नव्हत्या. प्रश्न विचारत होत्या, धर्मगुरूंशी पत्रांतून भांडत होत्या, शारदा सदन उभारत होत्या. वेस्टमिन्स्टरच्या त्याच प्रकरणात आणखी एक वाक्य आहे, की बाप्तिस्म्याचा परिणाम तो दिला जातो त्याच क्षणाला बांधलेला नसतो. रमाबाईंची कहाणी मला त्या वाक्याचं जिवंत उदाहरण वाटते. "पाण्यातून बाहेर आलो आणि काहीच वाटलं नाही" म्हणून घाबरणाऱ्यांना मी हीच सांगतो.

रेव्ह. ना. वा. टिळकांचीही अशीच ओढाताण होते. १९१७ साली त्यांनी "देवाचा दरबार" हा ख्रिस्तशिष्यांचा संघ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य असावेत अशी त्यांची कल्पना होती. मग आम्ही तरी बाप्तिस्मा कशाला घ्यायचा, असं म्हणणाऱ्यांनी तारीख लक्षात ठेवावी : टिळकांनी स्वतः १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी नातेवाईक तुटले आणि लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. दुसऱ्यांसाठी दार सताड उघडं ठेवणाऱ्या या माणसाने स्वतःला मात्र सूट दिली नव्हती.

घरचा विरोध ही आजही खरी अडचण आहे. यावर लपूनछपून लांबच्या नदीवर उरकणं हा उपाय नाही. नवरा किंवा बायकोपासून लपवलेला बाप्तिस्मा पुढे दोघांच्या विश्वासाला जड जातो. अल्पवयीन मुलाला आईबापांच्या संमतीशिवाय कुणी पाण्यात उतरवू नये. आणि बाप्तिस्म्याच्या बदल्यात धान्य, फी किंवा नोकरी देऊ करणारा भेटला तर तिथून उठून जावं. ते तारणाचं काम नाही, आणि अनेक राज्यांत तो गुन्हाही आहे.

पुन्हा पाण्यात उतरायचं का?

सगळ्यात जास्त फोन यासाठीच येतात. तान्हेपणी पाणी शिंपडलेला तरुण नव्या संगतीत जातो, तिथे त्याला सांगतात की तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही, घरी आईला वाटतं पोरगं धर्मच बदलतंय.

आधी दोनच गोष्टी विचारा. पाणी वापरलं होतं का? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने दिला होता का? दोन्हीला हो असेल तर कॅथलिक, लूथरन, मेथडिस्ट आणि सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळ्यांच्या दृष्टीने तो झाला. पुन्हा करणं म्हणजे देवाने दिलेला शब्द कच्चा ठरवणं. १९७० साली नागपूरला सी.एन.आय. स्थापन झाली तेव्हा त्यात बॅप्टिस्टही होते आणि बालकांना बाप्तिस्मा देणारेही. दोन्ही पद्धती एका छपराखाली आल्या. पुष्कळ बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या मात्र प्रामाणिकपणे मानतात की स्वतःच्या विश्वासाशिवाय दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, त्यामुळे त्यांच्या लेखी ते "पुन्हा" नसतं. या मतासाठी माणसांनी जीव दिला आहे. झुरिकमध्ये जानेवारी १५२५ मध्ये प्रौढ बाप्तिस्मे सुरू झाले, आणि ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झला तिथल्या प्रॉटेस्टंट नगरसभेने लिम्मात नदीत बुडवून मारलं. त्यामुळे थट्टा नको, दोन्हीकडून.

पाणी किती, हा पहिला प्रश्न नव्हे. "डिडाखे" या अगदी सुरुवातीच्या काळातल्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सोय सांगितली आहे : वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, थंड नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. शब्दांच्या बाबतीत मात्र कॅथलिक चर्च काटेकोर आहे. "मी" ऐवजी "आम्ही तुझा बाप्तिस्मा करतो" म्हटलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा निर्णय रोमने २०२० साली दिला.

ज्या पाळकांनी बाप्तिस्मा दिला तेच नंतर बिघडले, म्हणून पुन्हा घ्यावा का? नाही. बिघडलेल्या पाळकाचा संस्कार न मानणाऱ्या डोनाटिस्ट पंथाशी बिशप ऑगस्टीनचा वाद यावरच झाला होता. बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याचा नसतो. इफिसातल्या बारा जणांचं (प्रे. कृ. १९) उदाहरण देणाऱ्यांनी आधीचा अध्यायही वाचावा. त्या बारांनी फक्त योहानाचा बाप्तिस्मा घेतला होता, ख्रिस्ताच्या नावाचा नव्हे. तेवढंच ठाऊक असलेल्या अपुल्लोसाला प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी घरी नेऊन नीट शिकवलं. त्याला परत पाण्यात घातल्याचा उल्लेख नाही.

बाळ गेलं असेल तर

इथे वाद घालूच नका. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाबद्दल कॅथलिक चर्चही आज देवाच्या दयेवर सोपवायला शिकवतं. रोमच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरज्ञान आयोगाने २००७ साली अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला गंभीर आधार आहेत असं मांडलं. बाळ अत्यवस्थ असेल आणि आईबापांना बाप्तिस्मा हवा असेल, तर कॅथलिक नियमाप्रमाणे नर्ससुद्धा देऊ शकते, ती ख्रिस्ती नसली तरी. पाणी, ते शब्द आणि चर्च जे करतं तेच करण्याचा हेतू एवढं पुरतं. नंतर पॅरिशमध्ये कळवून नोंद करून घ्यावी.

राहिलेल्या अडचणी

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला टाकीत उतरवण्याचा हट्ट करू नका. डोक्यावर तीनदा पाणी ओतण्याची डिडाखेची सोय अशांना उपयोगी पडते. बाप्तिस्मा आधी कुठे झालाय की नाही हेच कळत नसेल, तर "तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर" असं म्हणून सशर्त देण्याची पद्धत कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेत आहे, पाळकांना विचारा.

बाप्तिस्म्याच्या प्रमाणपत्राने तारण होत नाही, पण लग्न आणि दफन यांच्या वेळी त्याच्यावाचून अडतं. त्या दिवशीच नोंदवहीत आपलं नाव, आईवडिलांची नावं आणि जन्मतारीख तपासून घ्या. नाव बदललं असेल तर जुनं आणि नवं दोन्ही लिहायला सांगा.