क्रिकेटचे नियम समजून घ्यायचे, तर आधी क्रीज पाहा

क्रिकेट नव्याने पाहू लागलेल्या माणसाला कोणीतरी बाद होण्याचे सगळे प्रकार एका दमात सांगू लागते आणि तिथेच त्याचा रस संपतो. माझ्या मते सुरुवात खेळपट्टीवरच्या पांढऱ्या रेषांपासून करावी, कारण धाव पूर्ण झाली की नाही, फलंदाज बाद की नाबाद, चेंडू वैध की नो-बॉल, अशा बऱ्याच प्रश्नांची उत्तरे या रेषांपाशीच मिळतात.

त्याआधी थोडी मांडणी. प्रत्येक संघात अकरा खेळाडू असतात. एक संघ फलंदाजी करतो आणि दुसरा गोलंदाजी व क्षेत्ररक्षण. मैदानावर एका वेळी दोन फलंदाज लागतात, म्हणूनच दहा गडी बाद झाले की अकरावा नाबाद असूनही डाव संपतो. सहा वैध चेंडूंचे एक षटक होते आणि पुढचे षटक दुसऱ्या टोकाकडून दुसरा गोलंदाज टाकतो. ट्वेंटी-२० सामन्यात प्रत्येक संघाला २० षटके मिळतात, एकदिवसीय सामन्यात ५०, तर कसोटीत षटकांची मर्यादा नसते आणि प्रत्येक संघाला दोन डाव खेळता येतात.

खेळपट्टीच्या दोन टोकांना तीन-तीन यष्ट्या रोवलेल्या असतात आणि त्यांच्यावर दोन बेल्स, म्हणजे लाकडाचे छोटे तुकडे, ठेवलेल्या असतात. या दोन टोकांमधले अंतर २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. यष्ट्यांच्या पुढे चार फुटांवर जी आडवी रेषा दिसते, ती पॉपिंग क्रीज. फलंदाजाचे घर तिच्या आत असते आणि खुद्द रेषा घरात धरली जात नाही. बॅट रेषेवर टेकली पण आत गेली नाही, तर फलंदाज घराबाहेरच समजला जातो.

धावबादचा निर्णय यावरूनच होतो. फलंदाज जिवाच्या आकांताने पळत येतो, झेप घेऊन बॅट पुढे सरकवतो आणि त्याच क्षणी चेंडू यष्ट्यांवर आदळतो. अशा वेळी दोनच गोष्टी पाहाव्यात: बेल्स पडण्याआधी बॅट किंवा शरीराचा कोणताही भाग रेषेच्या आत जमिनीला टेकला होता का, आणि बेल खाचेतून पूर्ण सुटली होती का. नुसती हललेली बेल पुरत नाही. पळताना किंवा झेप घेताना आत टेकलेली बॅट नंतर उसळून हवेत गेली, तर पूर्वी फलंदाज बाद ठरत असे. २०१७ च्या नियमांनी ही पंचाईत दूर केली आणि ते बरेच झाले. फलंदाज धाव घेण्याच्या प्रयत्नात नसताना घराबाहेर सापडला आणि एकट्या यष्टिरक्षकाने बेल्स उडवल्या, तर त्याला यष्टिचीत म्हणतात.

हीच रेषा गोलंदाजालाही बांधून ठेवते. चेंडू टाकताना त्याच्या पुढच्या पायाचा काही भाग, निदान टाच तरी, रेषेच्या मागे पडलाच पाहिजे. ती हवेत असली तरी चालते. तसे न झाल्यास नो-बॉल: फलंदाजी करणाऱ्या संघाला एक जादा धाव आणि चेंडू पुन्हा टाकायचा. नो-बॉलवर फलंदाज त्रिफळाचीत, झेलबाद, पायचीत किंवा यष्टिचीत होत नाही, धावबाद मात्र होऊ शकतो.

त्रिफळाचीत आणि झेलबाद पाहताच समजतात. चौकार-षटकारही तसेच: फटका मारल्यावर चेंडू जमिनीला लागून सीमेपर्यंत गेला तर चार धावा, टप्पा न पडता सीमेपार गेला तर सहा.

डोके खाजवायला लावतो तो पायचीतचा, म्हणजे यष्ट्यांवर जाणारा चेंडू पायाने अडल्यास बाद होण्याचा नियम. त्यातले प्रश्न क्रमाने विचारावेत. चेंडूचा टप्पा लेग यष्टीच्या (फलंदाजाच्या पायांच्या बाजूची यष्टी) बाहेर पडला का? पडला असेल तर विषय तिथेच संपला, फलंदाज नाबाद. चेंडू आधी बॅटला लागला का? तरीही नाबाद. पायावर आदळला तेव्हा तो यष्ट्यांच्या रेषेत होता का? ऑफ यष्टीच्या (दुसऱ्या बाजूची यष्टी) बाहेर आदळला असेल, तर फलंदाजाने फटका खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न केलेला नसेल तरच तो बाद होऊ शकतो. शेवटी, पाय मध्ये आला नसता तर चेंडू यष्ट्यांवर गेला असता का? हे सगळे जुळले तरी क्षेत्ररक्षकांनी अपील केल्याशिवाय पंच बोट वर करत नाहीत, आणि ते अपील गोलंदाजाने पुढचा चेंडू टाकण्यासाठी धावत येणे सुरू करण्याआधीच करावे लागते.