एनएफएलचा सीझन फॉलो करायचाय? नियम नंतर, आधी टेबल वाचायला शिका

अमेरिकेत नवीन गेलेल्यांचं हे ठरलेलं असतं, सप्टेंबर आला की ऑफिसात सोमवारी सगळे फुटबॉलवर (सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉल, एनएफएल ही त्याचीच लीग) बोलतात आणि आपल्याला ओ की ठो कळत नाही. मग लोक नियमांचे लांबलचक व्हिडिओ बघायला घेतात आणि कंटाळून सोडून देतात. माझं म्हणणं उलटं आहे, नियम जेमतेम शिका आणि सीझन कसा चालतो ते नीट समजून घ्या.

नियम एवढेच पुरतात: चार डाउन म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर परत चार मिळतात, नाहीतर बॉल समोरच्याकडे. टचडाउनचे (बॉल घेऊन मैदानाच्या समोरच्या टोकाला पोचलात की) 6, त्यानंतरच्या किकचा 1, फील्ड गोलचे (किक मारून बॉल खांबांमधून घातला की) 3. पेनल्टीचं प्रकरण मॅच बघता बघता कळतं, आणि तसंही त्यावर तिथले जुने फॅन्ससुद्धा दर रविवारी भांडत असतातच.

आता मुख्य गोष्ट. 32 टीम्स, त्यातल्या 16 एएफसीत आणि 16 एनएफसीत, म्हणजे दोन मोठ्या गटांत, ह्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि दोन्हीकडे चार-चार टीम्सच्या ईस्ट, नॉर्थ, साउथ, वेस्ट अशा डिव्हिजन. दिशांवर फार विश्वास ठेवू नका, डॅलस टेक्सासात असून ईस्टमध्ये खेळते. 2021 पासून प्रत्येक टीम 18 आठवड्यांत 17 मॅचेस खेळते, एक आठवडा सुट्टी, तिला बाय म्हणतात. सगळे सगळ्यांशी खेळत नाहीत, आयपीएलची सवय असेल तर इथेच गोंधळ होतो. 17 पैकी 6 मॅचेस स्वतःच्याच डिव्हिजनमधल्या तिघांशी, प्रत्येकाशी दोनदा. म्हणून टीम निवडताना (न्यू जर्सीत असाल तर जायंट्स किंवा जेट्स, नावात न्यूयॉर्क असलं तरी दोघांचं स्टेडियम जर्सीतच ईस्ट रदरफोर्डला आहे) तिच्या डिव्हिजनमधल्या बाकी तिघांकडेही लक्ष ठेवा. चार टीम्स नीट कळल्या की पहिल्या सीझनला बास.

टेबलमध्ये पॉइंट नसतात, जिंकलेल्या-हरलेल्या मॅचेस असतात, 11-6 असं. आणि कॉन्फरन्समधल्या 16 टीम्सची सरसकट यादी बघून टॉपचे सात प्लेऑफमध्ये असं समजू नका! आधी चार डिव्हिजनचे चार विनर आत जातात, मग उरलेल्यांतले बेस्ट तीन वाइल्ड कार्ड म्हणून. ह्याने काय होतं बघा, 2008 ला (तेव्हा वाइल्ड कार्ड दोनच होती) पेट्रियट्स 11-5 असूनही घरी बसले आणि चार्जर्स 8-8 वर प्लेऑफमध्ये, कारण त्यांची डिव्हिजन कमकुवत होती. 2010 ला तर सीहॉक्स 7-9 म्हणजे जिंकल्या त्यापेक्षा हरल्या जास्त, तरी डिव्हिजन जिंकून आत गेले आणि गतविजेत्या सेंट्सना 41-36 ने हरवलं. लोक अन्याय म्हणतात, मला तर हाच नियम आवडतो, त्यामुळे डिसेंबरात सुमार टीमच्या मॅचलाही जीव असतो. आणि टेबलमध्ये दोन टीम्सची बरोबरी झाली तर नेट रनरेटसारखी आकडेमोड लगेच करायची नाही, एका डिव्हिजनमधल्या दोघांत आधी आपसातल्या मॅचेसमध्ये कोण जिंकलं ते बघतात, मग डिव्हिजनमधला रेकॉर्ड.

सप्टेंबरच्या टेबलवरून कोणाशी पैज लावू नका. थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, डेट्रॉइट आणि डॅलस त्या दिवशी घरच्या मैदानावर खेळतातच) थोडं चित्र दिसायला लागतं. शेवटच्या आठवड्यात सगळ्या मॅचेस डिव्हिजनमधल्याच ठेवतात, शिवाय त्यांची वेळ आदल्या आठवड्याचे निकाल बघून ठरते, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या मॅचेस शक्यतो एकाच वेळी होतात. एवढा एक रविवार बाकी काही ठरवू नका.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: रविवारचा पहिला स्लॉट रात्री 10:30 ला, रात्रीची मोठी मॅच सोमवारी पहाटे 5:50 ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे जातात, तेव्हापासून सगळं एक तास उशिरा. मधला स्लॉट दीड-दोनला सुरू होतो, त्याच्या नादी लागू नका, हायलाइट्स बघा.

प्लेऑफ म्हणजे एकच मॅच, हरलात की खेळ खल्लास. दोन्ही कॉन्फरन्समधल्या फक्त पहिल्या नंबरला पहिल्या राउंडची सुट्टी मिळते, म्हणून वरच्या टीम्सही शेवटपर्यंत जोर लावतात. पुढच्या राउंडला उरलेल्यांत सगळ्यात खालचा जो असेल तो पहिल्या नंबरकडे जातो, म्हणजे ड्रॉ आधीच छापलेला नसतो. आणि लीगमध्ये भारी म्हणजे कप आपलाच असं काही नाही, 2007 ला पेट्रियट्स 16-0 होते, प्लेऑफचे दोन धरून 18-0, आणि सुपर बोलमध्ये म्हणजे फायनलला जायंट्सनी 17-14 ने धुळीला मिळवलं, ते जायंट्स वाइल्ड कार्डने आले होते. त्याच जायंट्सना पेट्रियट्सनी डिसेंबरात हरवलं होतं!

सुपर बोल आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी असतो, आपल्याकडे सोमवारी पहाटे 5 ला. हाफटाइम शो लांबतो, जाहिराती तर विचारू नका, संपता संपता साडेआठ-नऊ होतात, त्यामुळे ऑफिसात उशिरा येतो म्हणून शुक्रवारीच सांगून ठेवा.