बाजाराच्या चिल्लरीतून जुनी नाणी कशी शोधावीत

आमच्या भागात आठवडी बाजाराच्या दिवशी जितकी चिल्लर हातातून जाते, तितकी एरवी आठवडाभरात जात नाही. भाजीचे दुकान, पानठेला, पिठाची चक्की, एसटीच्या वाहकाची चामडी पिशवी आणि किराण्याचा गल्ला यांतून फिरत आलेली ही नाणी घरी आल्यावर ताटात ओतावीत आणि दिवसाच्या उजेडात एकेक करून वाचावीत. नाणे नुसते जुनाट दिसल्याने मोलाचे ठरत नाही. त्यावरचे साल, सालाखालची खूण आणि त्याची झीज या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. त्यासाठी एक भिंग, एक वही आणि बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेला चुंबक एवढे साहित्य पुरते.

सर्वांत आधी सालाच्या खाली पाहावे. तेथे शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक चौकट असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीतले, चांदणी असेल तर हैदराबादचे, वाटोळा टिंब असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे समजावे. एकाच सालाचे एकाच किमतीचे नाणे एका टांकसाळीत भरपूर आणि दुसरीत मोजकेच पडलेले असू शकते, म्हणून संग्राहक साल आणि खूण नेहमी जोडीनेच विचारतात. वहीतही दोन्ही शेजारी शेजारी लिहावीत. घासल्या गेलेल्या नाण्यावर टिंब आणि चौकट यांत सहज गल्लत होते. अशा वेळी नाणे उजेडाकडे थोडे तिरपे धरून कडेची सावली पाहिली की आकार स्पष्ट होतो.

चुंबकाचा उपयोग ढीग निवडण्यासाठी होतो. 1992 पासून आलेली जाड, नऊ ग्रॅमची पाच रुपयांची नाणी आणि त्याच काळातली अकरा कोपऱ्यांची दोन रुपयांची नाणी तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची असल्यामुळे चुंबकाला चिकटत नाहीत, तर 2005 पासूनची दोन रुपयांची पोलादी नाणी लगेच चिकटतात. एक रुपयाचे नेहमीचे नाणे 1992 पासून पोलादी झाले, त्यामुळे न चिकटणारा रुपया हाती आला तर तो बहुधा त्याआधीच्या घडणीचा असतो आणि बाजूला ठेवण्यासारखा असतो.

स्मरणार्थ काढलेली नाणी हा या शोधाचा सर्वांत समाधान देणारा भाग आहे, असे माझे मत आहे. गल्ल्यातल्या दोन रुपयांच्या अकरा कोपरी नाण्यांत 1999 चे छत्रपती शिवाजी महाराजांचे किंवा 2002 चे संत तुकारामांचे नाणे निघू शकते. संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया 1999 चा आहे, लोकमान्य टिळकांचे पाच रुपये 2007 चे आहेत, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा एक रुपया 1990 चा आणि दहा रुपयांचे नाणे 2015 चे आहे. मला महाराजांचे नाणे एका एसटी प्रवासात सुट्या पैशांबरोबर मिळाले. मुद्रेवरची पगडी बोटांनी झिजून जवळजवळ सपाट झाली होती, पण कडेची अक्षरे शाबूत होती. बाजारात त्याला फार किंमत नाही, तरी माझ्या वहीतली पहिली नोंद तीच आहे.

दहा रुपयांच्या नाण्यांकडे विशेष लक्ष द्यावे. ती नकली असल्याच्या अफवेमुळे खेड्यापाड्यांतले अनेक दुकानदार ती घेत नाहीत आणि घराघरांत डबे भरून पडून राहतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये अशा 14 नमुन्यांची नाणी वैध असल्याचे स्पष्ट केले होते. दुकानदाराला नोटा देऊन असा डबा बदलून घेतला तर त्याची अडचण सुटते आणि आपल्याला एका बैठकीत अनेक नमुने पाहायला मिळतात. आठ आण्याचे नाणेही अजून वैध आहे. त्यात 1997 चे दांडी यात्रेचे चित्र असलेले नाणे शोधावे. चार आणे व त्याखालची नाणी मात्र 30 जून 2011 पासून चलनातून गेली असल्यामुळे ती गल्ल्यात न मिळता आजीच्या पेटीत मिळतात, आणि त्यांच्याच सोबत भोकाचा पैसा किंवा राणीछाप रुपयाही निघतो.

टांकसाळीतील चुकीची नाणी ओळखायची असतील तर नाणे वरच्या व खालच्या टोकाला चिमटीत धरून उभ्या आसाभोवती फिरवावे. मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती तिरपी किंवा उलटी आली तर साचा फिरलेला आहे.

नाणे सापडल्यावर ते घासू नये, हे मला कळकळीने सांगायचे आहे. आमच्या घरी राणीछाप रुपया चिंच आणि राखेने लख्ख केला गेला आणि राणीच्या केसांच्या सगळ्या बारीक रेषा कायमच्या पुसल्या गेल्या. माती लागली असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपून घ्यावी, नाणे कडेला धरावे आणि कागदी पाकिटात ठेवावे. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत तांब्यावर हिरवा चिकटा येतो.

वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये देतो असे सांगून आधी नोंदणी शुल्क मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सावध केले आहे. खरा खरेदीदार आधी नाणे पाहतो.

नांगराच्या फाळाला लागलेली नाणी या छंदात धरू नयेत. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा असाच मोठा साठा निघाला होता, त्यामुळे आपल्या काळ्या मातीत तसे काही सापडणे अशक्य मानू नये. सापडल्यास ती जागा उकरू नये, मडक्याचे तुकडेही तिथेच राहू द्यावेत आणि त्याच दिवशी तलाठ्याला सांगावे.